कलावंताचे घर : दान की ऋणफेड?

श्रावण शुद्ध सप्तमी जवळ आली, की आमच्या वास्को शहरात श्रीदामोदराच्या भजनी सप्ताहाची लगबग सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बंदराच्या गावावर साथीचे संकट कोसळले असता येथील मंडळी जांबावलीस श्रीदामोदराला शरण गेली आणि प्रसादाचा नारळ घेऊन परतली, ही कथा मुरगावातील मुलांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. त्या नारळाची स्थापना झाली, चोवीस तास अखंड भजन झाले, आणि तेव्हापासून प्रतिवर्षी नवा नारळ बसतो व जुना समुद्रास अर्पण होतो. म्हणजे आमच्या गावी देवळाआधी नारळ आला. घर मागाहून झाले.

आमच्या तालुक्याला याहूनही जुनी एक आठवण आहे. १५६० साली कुठ्ठाळीचा श्रीमंगेश झुवारी ओलांडून प्रियोळला गेला. त्याच संकटकाळात केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली. आज तेथे जी मंदिरे, ज्या तळ्या, जे दीपस्तंभ आपण डोळे भरून पाहतो, ते पुढच्या शतकांचे वैभव होय. परमुलखात गेलेल्या त्या देवतांना आरंभी लाभला तो साधा निवाराच. कोणी परक्याने आपली जागा दिली, कोणी चार चिरे रचले, कोणी वर छप्पर घातले. निवारा देणाऱ्या त्या माणसांनी देवापुढे एखादी अट ठेविली होती, असे कोणत्याही कथेत आम्ही ऐकलेले नाही.

हा देवाचा विषय आम्ही मुद्दामच आधी काढला. कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते माणसाच्या घराविषयी आहे, आणि त्यात आमचीच एक चूक कबूल करावयाची आहे.

मागल्या एका सप्ताहात आमच्या आप्तांपैकी एक मुलगा व त्याची एक सहाध्यायिनी, दोघेही वास्तुविद्येचे विद्यार्थी, आमच्याकडे उतरले होते. एखाद्या स्थानिक कलावंतासाठी अगदी लहान घर आखावे आणि जमल्यास स्वतःच्या हातांनी उभारावे, असे त्यांनी मनात घेतले होते. रात्री गायनाच्या बैठकी ऐकून परतताना त्यांनी आम्हांस विचारले, ‘‘काका, ही गाणारी-वाजविणारी माणसे उद्या सकाळी कुठे जातात?’’ प्रश्न साधा होता. तथापि इतक्या वर्षांच्या सप्ताहांत तो आम्हांस कधी सुचला नव्हता, याची आम्हांस लाज वाटली. दूरच्या नामवंत गवयाची सोय आम्ही जाणतो. त्यास न्यावयास गाडी असते. पण दिंडीतला पखवाजवाला, झांजवाला, सोंग घेणारा गडी हे पहाटे आपापले बोचके उचलून निघून जातात, आणि त्यांच्या दाराशी जाऊन आलेला यजमान विरळाच.

आमच्या ओळखीचे एक दशावतारी वृद्ध पेडणे तालुक्यात राहतात. त्यांचे नाव येथे देत नाही. तारुण्यात त्यांचे स्त्रीपार्ट सीमेपलीकडच्या सावंतवाडीपर्यंत वाखाणले जात. सप्ताह आटोपल्यावर आम्ही त्या दोघांना घेऊन झुवारी व मांडवी ओलांडून उत्तरेस गेलो.

पाऊस कोसळत होता. माडांच्या भाटात आबांचे मातीच्या भिंतींचे घर. बापजाद्यांपासून ते तेथे मुंडकार म्हणून राहत आले. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याच्या आधाराने, अनेक वर्षांच्या खेपांनंतर, घराखालची जागा त्यांच्या नावावर झाली होती. आत गेलो तो एका कोपऱ्यात दोन चिऱ्यांवर चढविलेली लोखंडी ट्रंक दिसली. तिच्यावर ताडपत्री होती, आणि त्या ताडपत्रीवर छपरातून थेंब ठिबकत होते. आबांचे अंथरूण मात्र ओल्या भिंतीलगत जमिनीवरच होते.

विद्यार्थ्यांनी आपला नकाशा उलगडला. पुढे रंगमंचासारखी रुंद वसरी, भिंतीवर दशावतारांची चित्रे, पाहुण्यांना बसावयास पायऱ्या, आणि मागे एक खोली. रेखाटन सुरेख होते. आम्हीही मान डोलाविली. आबांनी चष्मा पुसून कागद बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, की ट्रंक कोठे ठेवावयाची? मुलगी गोंधळली. ती म्हणाली, ‘‘आबा, आधी तुम्ही कुठे निजणार ते ठरवू.’’ त्यावर ते आपल्या पेडणेकरी बोलीत म्हणाले, ‘‘ट्रंक सुकी उरूंक जाय. हांव भिजलों तरी चलता.’’

त्या ट्रंकेत शालू होते, कंबरपट्टा होता, जुना मुकुट होता. ज्यांनी दशावतार जवळून पाहिला आहे त्यांस हे उमजेल. लिहून पाठ केलेले संवाद तेथे नसतात. कथेचा सांगाडा ठाऊक असतो आणि मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत नट आयत्या वेळी बोलत जातो. त्याच्या हाती पुस्तक नाही. त्याचे सारे भांडवल कंठात, बुद्धीत आणि त्या ट्रंकेत. कार्तिकापासून जत्रांचे दिवस. पावसाळा लागला की काम थांबते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ओल त्या भांडवलावर चालून येते.

आता आमची चूक. परतताना आम्ही विद्यार्थ्यांना म्हणालो, की खर्चाची काही तजवीज आपल्या मंडळींतून करता येईल. मात्र बदली आबांनी दरवर्षी आमच्या उत्सवात एक प्रयोग करावा व गावातल्या पाच-सहा मुलांना ही विद्या शिकवावी. घर मिळेल, कला टिकेल, देणाऱ्यांनाही समाधान. यात वावगे काय, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटले. पुढच्या भेटीत आम्ही ही गोष्ट आबांपुढे मांडली. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘हांवें नाचप सोडलें जाल्यार घर सोडचें पडटलें?’’

आम्ही निरुत्तर झालो. भाटकाराच्या मर्जीतून कायद्याने सोडविलेल्या माणसास आम्ही पुन्हा मुंडकार करावयास निघालो होतो. भाटकार तेवढा या खेपेस आमची उत्सव समिती होणार होती.

या एका प्रश्नामुळे आम्ही दानाचा विचार नव्याने करू लागलो. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. देणे हे आपले कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न धरता दिले ते सात्त्विक. प्रत्युपकारावर डोळा ठेवून, फळाचा हिशेब करून अथवा नाखुशीने दिले ते राजस. अवेळी, अस्थानी, आदर न राखता दिले ते तामस. हा श्लोक आम्ही कीर्तनात कितीदा ऐकला असेल! पण ऐकताना राजस दान म्हणजे कोणा धनिकाचा दिखाऊपणा, अशीच आमची समजूत होती. एखाद्या सत्कार्याची अटसुद्धा दानाला राजस करते, हे आबांच्या दारात उभे राहीपर्यंत आम्हांस कळले नव्हते. फळ आम्हांस आमच्यासाठी नको होते, कलेसाठी हवे होते, हे खरे. तरी त्या फळावर आमची नजर होतीच.

याच्याही पलीकडे एक प्रश्न आहे. हे मुळात दान आहे काय? आपल्या परंपरेने मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो असे मानले: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. विद्या ज्यांनी दिली त्यांचे ऋण ते ऋषिऋण. आता आम्ही स्वतःलाच विचारावे, की रामाची, कृष्णाची, नरसिंहाची पहिली ओळख आम्हांस कोणी करून दिली? पोथी आमच्या हाती फार उशिरा आली. त्यापूर्वी कधीतरी आईच्या मांडीवर पेंगत असताना, जत्रेतल्या दिव्यांच्या उजेडात, चेहऱ्यास रंग लावलेला एक माणूस हिरण्यकशिपू होऊन गरजला होता. आम्ही घाबरून जागे झालो आणि भक्त प्रल्हाद आमच्या मनात कायमचा राहिला. तो माणूस आमचा पहिला पुराणिक. त्यास त्या रात्रीचे मानधन मिळाले, हे कबूल. परंतु मानधन रात्रीचे होते, आणि आम्हांस मिळाले ते जन्मभर पुरले.

हे जर ऋण असेल, तर अटीचा प्रश्न आपोआप सुटतो. कर्ज फेडणारा सावकारास असे म्हणत नाही, की ‘तुमचे पैसे परत करतो, पण ते तुम्ही अमक्याच कामी खर्च करा.’ फेड करावी आणि नमस्कार करून निघावे.

येथे आमच्या देवळांच्या परिसरातील एका जुन्या व्यवहाराची आठवण काढणे प्राप्त आहे. ती सुखद नाही, तथापि देवस्थानाशी नाते सांगणाऱ्यांनी ती टाळूही नये. गोमंतकातील मंदिरांच्या आसपास कलावंतांची घरे पिढ्यान्‌पिढ्या असत. देवापुढे गावे, नाचावे, वाजवावे. बदली राहावयास जागा आणि निर्वाहाची काही तरतूद. वरवर पाहता ही व्यवस्था कलेस केवढी पोषक! संगीताचे अमाप धन तिने दिले, हे कोणी नाकारणार नाही. परंतु ते घर सेवेस बांधलेले होते, सेवा जन्मास बांधलेली होती, आणि त्या गाठीत विशेषतः स्त्रियांच्या वाट्यास काय आले, हे आम्ही जाणतो. त्याच समाजातून आलेले राजाराम रंगाजी पैंगीणकर यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रास ‘मी कोण?’ हे नाव दिले. हा प्रश्न मथळ्यावर घालण्याची पाळी माणसावर यावी, यातच त्या व्यवस्थेचा न्याय झाला.

केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. दोघींच्या गावांची नावे त्यांच्या नावांत कायम राहिली. पण त्यांचे कर्तृत्व फुलले ते मुंबईत. १९७७ साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांतील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंचा भैरवीचा स्वर आहे, याचा आपण अभिमान मिरवितो. मिरवावाच. मात्र त्याबरोबर आपल्या गावांनी आपल्या कलावंतांना काय दिले होते, राहावयास घर की अडकून राहावयास जागा, हेही एकदा विचारावे.

घर देण्याची ही कल्पना आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांनी शून्यातून काढली नव्हती. अमेरिकेतील येल विद्यापीठात चार्ल्स मूर या वास्तुविशारदाने १९६७ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष बांधकामास लावण्याचा पायंडा पाडला. आरंभ केंटकीच्या डोंगराळ व गरीब मुलखात एका समाजगृहाने झाला. पुढे १९९३ साली अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन अध्यापकांनी ‘रूरल स्टुडिओ’ स्थापिला. हेल परगण्यातील दरिद्री खेड्यांत विद्यार्थी राहावयास जात, घरवाल्यांशी बोलत आणि मग बांधीत. १९९४ साली एका वृद्ध जोडप्यासाठी त्यांनी गवताच्या दाबलेल्या गठ्ठ्यांच्या जाड भिंतींचे घर उभारले. नातवंडांसाठी त्यास लहान लहान खोल्या काढल्या, पुढे मोठी वसरी ठेविली. २००५ पासून तेथे आणखी एक प्रयत्न चालू झाला. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसास ज्याचा हप्ता झेपेल असे वीस हजार डॉलरांचे घर होईल काय? दर वर्षी विद्यार्थ्यांची नवी तुकडी आदल्या तुकडीच्या नकाशातील उणिवा पाहून नवा नकाशा करी. त्यांतील दोन नमुन्यांवरून २०१६ च्या सुमारास शेजारच्या जॉर्जिया राज्यात सेरेन्बी या वसाहतीत दोन लहान घरे बांधण्यात आली. ती पाहुण्या कलावंतांनी काही काळ राहून काम करावे यासाठी होती.

या साऱ्या हकिकतीत आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती एक बारीक गोष्ट. त्या अल्पखर्ची घरांना नावे आहेत, आणि ती नावे देणगीदारांची नसून, ज्याच्यासाठी घर प्रथम बांधले त्या रहिवाशाची आहेत. अमक्याचे घर, तमकीचे घर. आमच्या देवळांत पायऱ्यांवर, खांबांवर, बाकांवर, अगदी पंख्याच्या पात्यांवरही देणाऱ्याचे नाव वाचीत वाचीत आपण देवापर्यंत पोहोचतो. देवास त्याचे काही वाटत नसावे. पण माणसाने जन्मभर ज्या दारातून आत-बाहेर करावयाचे, त्या दारावर दुसऱ्याचे नाव संगमरवरात कोरणे म्हणजे त्यास रोज आठवण करून देणे, की हे तुझे नाही.

आता आक्षेप. ते आमच्याच मंडळींनी घेतले, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा: कलावंतासच घर का? खारवी आहे, शेतमजूर आहे, बंदरावर ओझी वाहिलेला म्हातारा हमाल आहे. त्यांची छपरे गळत नाहीत काय? आम्ही हा आक्षेप शिरोधार्य मानतो. कलावंत हा इतरांहून श्रेष्ठ प्राणी, म्हणून त्यास घर, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बेघराचा हक्क हा सर्वांचा सारखा, आणि तो शासनाकडे व समाजाकडे मागावयाचा. कलावंताचा प्रश्न आमच्यापुढे वेगळा उभा राहतो तो एवढ्याकरिता, की त्याचे देणे आम्ही, देवळात जमणाऱ्या लोकांनी, घेतले आहे. शेजारच्या दहा घरांची गरज सारखी असली, तरी ज्याच्याकडून आपण उसने आणले त्याचे आधी परत करावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: अट घातली नाही तर कला बुडेल. आबा गेले की त्यांची विद्याही जाईल, घर उरेल. मग समाजाने मिळविले काय? या आक्षेपाने आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. पेरणी जागराचे लाकडी मुखवटे आज थोड्याच कुटुंबांच्या हाती राहिले आहेत. डिचोलीस समया घडविणारे कासार आणि चाक फिरविणारे कुंभार यांची पुढली पिढी दुसऱ्या धंद्यांकडे वळत आहे. असे असता ‘शिकवा’ एवढे म्हणण्याचाही अधिकार आम्हांस नाही काय? विचारांती आमचे मत असे झाले, की विनंतीचा अधिकार आहे, अटीचा नाही. शिकविण्यासाठी मानधन द्यावे, शाळा काढावी, शिष्यास विद्यावेतन द्यावे. हे सर्व स्वतंत्र व्यवहार होत. त्यांत घर ओवले, की शिष्य न मिळालेला गुरू आणि आवाज बसलेला गायक हे घरास अपात्र ठरतात. म्हणजे ज्या दिवशी छपराची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच दिवशी ते डोक्यावरून निघण्याची भीती. जी कला अशा भीतीवर टिकवावी लागते, ती टिकली तरी कोणत्या तोंडाने तिचा उत्सव करावा?

तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांविषयी. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याने गरिबाच्या देहावर हात बसवावा, तसाच हा प्रकार नव्हे काय? विद्यार्थ्याने चुकून शिकावे हे ठीक. पण त्या चुकीखाली निजणारा माणूस कोण? तो उत्तीर्ण होऊन नगराला जाईल आणि गळती आबांच्या नशिबी राहील. या आक्षेपास आमच्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते आम्ही त्या दोघांपुढे मांडले. आमच्या गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जे छप्पर फाल्गुनात देखणे दिसते त्याची खरी परीक्षा आषाढात होते. तेव्हा अशा कामास लागलेल्या विद्यार्थ्याने घर पुरे झाले असे गणेशचतुर्थीपर्यंत म्हणू नये. पहिला पावसाळा त्याने स्वतः येऊन पाहावा; कोठे ठिबकते, कोणत्या भिंतीस बुरशी धरते, वारा कोणत्या दिशेने पाणी आत मारतो, हे टिपून दुरुस्ती करावी. पणजीस वास्तुकलेचे महाविद्यालय १९८२ पासून आहे. येथील तरुणांना चिरा, चुना, कौले आणि नैर्ऋत्येचा वारा यांचा धडा अन्यत्र शोधावयास नको. फक्त निकालाची तारीख पावसाने ठरवावी.

गोमंतकाने कलेसाठी वास्तू उभारल्या नाहीत असे नाही. कांपाल येथे मांडवीकाठी चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कला अकादमी आहे. आमच्या मुरगावातही बायणा येथे रवींद्र भवन आहे. राज्याचे कला व संस्कृती संचालनालय वृद्ध कलावंतांना साहाय्य देते, तेही स्तुत्यच. कलेस घर मिळाले. कलावंताच्या घराचा विचार मात्र त्याच कोरियांनी गोव्याबाहेर, नव्या मुंबईत बेलापूर येथे केला. १९८३ ते १९८६ च्या सुमारास तेथे उभ्या राहिलेल्या ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या वसाहतीत लहान लहान घरे सात-सातच्या गटांनी एकेका चौकाभोवती मांडलेली होती. कोणत्याही दोन घरांत भिंत सामाईक ठेविली नाही. हेतू हा, की राहणाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे घर वाढवावे, त्यासाठी शेजाऱ्याची परवानगी मागण्याची वेळ येऊ नये. पुढे लोकांनी खरोखरच मजले चढविले, कित्येकांनी मूळ घर पाडून नवे बांधले. रेखीव नकाशा बिघडला म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. आम्हांस वाटते, ज्या घराचा नकाशा रहिवासी बिघडवू शकतो ते घर खऱ्या अर्थाने त्याचे झाले.

मद्रासजवळच्या चोलमंडल ग्रामाची कथाही येथे आठवते. १९६६ साली तेथील कलाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्याभोवती जमलेले चित्रकार-मूर्तिकार, त्यांत त्यांचे विद्यार्थीही होते, यांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या विक्रीतून पैसा उभा केला, जमीन घेतली आणि आपली घरे आपणच वसविली. त्यांना कोणी दाता लागला नाही. हे सर्वांस साधेल असे नाही. वृद्ध दशावतारी कोठून जमीन घेणार? तरी यातून एवढे घ्यावे, की कलावंतास केवळ घेणारा न ठेवता बांधणाऱ्यांत सामील करावे. हातास कसब असलेल्या माणसास पाहुण्यासारखे बाजूला बसवू नये.

तसे विचारत गेले, म्हणजे नकाशे किती बदलतात हे आम्ही त्या दोन मुलांबरोबर पाहिले. डिचोलीकडच्या एका चित्रशाळेत ती गेली, तेव्हा मूर्तिकाराने पहिली मागणी केली ती दाराच्या रुंदीची. खोलीत घडविलेला गणपती पुऱ्या प्रभावळीसह बाहेर निघाला पाहिजे! दुसरी मागणी माळ्याची. कारण आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत माती वाळवावयाची तर वारा खेळता हवा आणि चूल जवळ हवी. पखवाज वाजविणाऱ्यास पुडीचे चामडे सैल न पडेल अशी कोरडी फडताळे हवी होती. वसरीवर चित्रे कोणीच मागितली नाहीत. कलावंत ही कोणी प्रेक्षणीय वस्तू आहे, त्याने घरातही प्रेक्षणीय असावे, ही कल्पना आमची होती, त्यांची नव्हती. घरी त्यांना गप्प बसावयाचे होते.

आबांचे घर अखेर झाले. जागा त्यांची, थोडे पैसे आमच्या काही मंडळींचे, चिरे गावातलेच, मंगळुरी कौले एका मोडलेल्या जुन्या घराची. गवंडी व सुतार गावचे. आणि विद्यार्थी दोनाचे सात झाले होते, ते सुट्ट्यांत येऊन चिरे वाहत. आबा स्वतः रोज उंबऱ्याच्या जागी बसून सुताराशी वाद घालीत. ट्रंकेसाठी भिंतीत, जमिनीपासून हातभर उंच, चुलीच्या ऊबेच्या बाजूस एक कोनाडा ठेविला आहे. पाटी लाविलेली नाही. कागदावर कोणतीही अट नाही. तसा कागदच नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही जाऊन आलो. आषाढात मागल्या पडवीला एक गळती निघाली होती. ती मुलगी येऊन, स्वतः शिडीवर चढून, कौले बदलून गेल्याचे कळले. आबा कोणास शिकवीत नाहीत. आमच्या उत्सवात ते अजून आलेले नाहीत, आणि आम्ही बोलाविण्याचे धैर्य केलेले नाही. आमंत्रण द्यावे आणि त्यांस त्यात अट ऐकू यावी, हे भय वाटते. ते भय आमच्या पहिल्या चुकीचे फळ आहे आणि ते भोगणे आम्हांस प्राप्तच आहे.

वसरीवर बसून ते शालूची उसवलेली जर टाचीत होते. बाहेर पाऊस पडत होता. आम्ही विचारले, ‘‘आबा, ट्रंक कशी आहे?’’ त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘‘सुकी आसा.’’ एवढेच. आभाराचा शब्द त्यात नव्हता, आणि तो नसल्याचे आम्हांस बरे वाटले. कर्ज फिटत आले, की सावकार आभार मानीत नाही; वहीतली रक्कम खोडतो, आणि आपल्या कामास लागतो.